ग्लूटेन सोडण्याआधीची तयारी: पहिले तीन आठवडे सोपे जावेत म्हणून

सगळ्यात आधी रक्ततपासणी उरकून घ्या. ग्लूटेन, म्हणजे गहू, बार्ली आणि राय या धान्यांतलं प्रथिन, सोडायचं मनाशी पक्कं झालं असलं, तरी तपासणी होईपर्यंत गहू खात राहा. सिलिअ‍ॅक आजारात ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्याला इजा करते. तो आहे का, हे रक्तातल्या टीटीजी-आयजीए या अँटिबॉडींवरून पाहतात, आणि ग्लूटेन पोटात जात असेल तरच त्या पुरेशा प्रमाणात सापडतात. सोडून काही महिने झाले की अहवाल नॉर्मल येऊ शकतो, आजार मात्र तसाच असतो. माझं नेमकं हेच झालं. आधी सोडलं, बरं वाटायला लागलं, आणि मग तपासणीसाठी सहा आठवडे पुन्हा रोज पाव खावा लागला. रोज संध्याकाळी पोटाशी उशी धरून बसायचे. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हे पहिलं. रक्त देताना एकूण आयजीए, म्हणजे त्या प्रकारच्या सगळ्या अँटिबॉडींचं प्रमाणसुद्धा तपासायला सांगा. काहींच्या शरीरात ते मुळातच कमी असतं, आणि मग पहिली तपासणी फसवते.

आता ग्लूटेन सोडल्यावर काहींना होणाऱ्या त्रासाविषयी. डोकं दुखणं, चिडचिड, अंग गळून जाणं, झोप बिघडणं, पावासाठी जीव कासावीस होणं, या सगळ्याला लोक ‘विथड्रॉवल’ म्हणतात. वैद्यकशास्त्रात ग्लूटेनचं विथड्रॉवल असं मान्य निदान नाही. गहू पचताना अफूसारखा परिणाम करू शकणारे प्रथिनांचे तुकडे तयार होतात आणि त्यांची सवय लागते, असा एक तर्क आहे, पण माणसांमध्ये तो सिद्ध झालेला नाही. त्रास खरा असतो, यात मात्र मला शंका नाही. अनेकांना काहीच होत नाही, काहींचे पहिले काही दिवस वाईट जातात, काहींचे दोन-तीन आठवडे.

माझ्या मते यातला बराचसा त्रास रिकाम्या ताटाचा असतो. गहू जातो आणि त्याच्या जागी काहीच येत नाही. पिष्टमय पदार्थ एकदम कमी झाले की शरीर ग्लायकोजेनचा, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेचा, साठा वापरू लागतं. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं, तेही निघून जातं, सोबत थोडं मीठही जातं. मग उठताना गरगरतं, दुपारी कपाळ ठणकतं. म्हणून काय बंद करायचं याची यादी बाजूला ठेवा आणि काय खायचं याची आधी लिहा. निदान पहिल्या आठवड्याची, प्रत्येक वेळची. तांदूळ, बटाटा, मका, ज्वारी-बाजरीसारखी धान्यं, डाळी, अंडी, फळं, दाणे. यातलं तुमच्या घरात सहज होईल ते निवडा. जेवणाचं बहुतेकांना सुचतं, राहून जातं ते दुपारी चारचं. बिस्किटाची वेळ ती. त्या वेळेसाठी उकडलेला बटाटा किंवा मूठभर दाणे डब्यात भरून, हाताशी येतील असे ठेवा. माझं डोकं तिसऱ्या दिवशी नेमकं पावणेचारला दुखायला लागलं होतं, आणि त्या दिवशी दुपारी मी फक्त काकडी खाल्ली होती.

पाणी नेहमीपेक्षा थोडं जास्त प्या. पहिले काही दिवस मीठ घातलेलं सूप किंवा सरबत बरं वाटतं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गव्हाबरोबर कोंड्याचं फायबरही जातं आणि पोट साफ होत नाही, त्यामुळे डाळी, भाज्या, सालासकट फळं हळूहळू वाढवा. एकदम वाढवलीत तर गॅस होईल आणि खापर नव्या आहारावर फुटेल.

चहा-कॉफी त्याच आठवड्यात सोडू नका, हे कळकळीने सांगते. कॅफीन बंद केल्यावर 12 ते 24 तासांत डोकं दुखू लागतं आणि ते नऊ दिवसांपर्यंत टिकू शकतं. साखर, दूध, चहा, गहू सगळं एकाच सोमवारी सोडलं तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही. सोमवारही परीक्षेचा, प्रवासाचा, मोठ्या कामाचा नको.

स्वयंपाकघर आदल्या दिवशी आवरा. टोस्टर वेगळा, चाळणी वेगळी, लाकडी चमचे आणि पोळपाट वेगळे. लोण्याची बरणी उजेडात धरून पाहा. सुरीबरोबर आत गेलेले पावाचे तपकिरी कण कडेला चिकटलेले दिसतील. सिलिअ‍ॅक असणाऱ्याला तेवढे कणही पुरतात, तेव्हा नवी बरणी आणा आणि तिच्यावर नाव लिहा. डब्यांवरची लेबलं वाचताना गव्हाबरोबर बार्ली, राय, माल्ट आणि रवा हे शब्द शोधा. सोया सॉस, तयार सूप आणि बिअर यांतही ग्लूटेन असू शकतं. ओट्समध्ये बहुधा गव्हाची भेसळ होते, म्हणून ‘ग्लूटेन-फ्री’ छापलेलेच घ्या. आंतरराष्ट्रीय मानकानुसार अशा पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही.

औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी कळवा. इन्सुलिन घेणाऱ्याने ताटातले पिष्टमय पदार्थ बदलले तर साखर अचानक उतरू शकते. सिलिअ‍ॅक असलेल्यांचं आतडं भरून आलं की थायरॉईडची गोळी जास्त शोषली जाते, आणि मग तिचा डोस बदलावा लागू शकतो.

घरच्यांना सांगून ठेवा की काही दिवस मी चिडेन, तेव्हा मला आधी खायला विचारा. उशाशी एक वही ठेवा आणि रोज तीन ओळी लिहा: काय खाल्लं, झोप कशी झाली, काय दुखलं. दहाव्या दिवशी मागची पानं वाचाल तेव्हा दुखण्याचं आणि उपाशी राहण्याचं नातं तुमचं तुम्हालाच दिसेल.

शौचातून रक्त, ताप, न थांबणाऱ्या उलट्या, झपाट्याने उतरणारं वजन, चक्कर येऊन पडणं किंवा जगणं नकोसं वाटणं, यांतलं काहीही झालं तर ‘विथड्रॉवल असेल’ म्हणून वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तीन आठवड्यांनंतरही तोच थकवा असेल तर लोह, फोलेट, बी-12 आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. सिलिअ‍ॅकचं निदान झालेलं असेल तर अँटिबॉडी पुन्हा कधी तपासायच्या, ती तारीख पहिल्याच भेटीत विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.