झेल होता की नव्हता? एनएफएल बघताना या चुका टाळा

चेंडू जमिनीला टेकला की झेल गेला, हा आपला क्रिकेटचा डोळा. अमेरिकन फुटबॉल (एनएफएल ही त्याची व्यावसायिक लीग) बघताना तो आधी बाजूला ठेवा. रिसीव्हरची (पास झेलणाऱ्या खेळाडूची) पकड पक्की असेल तर चेंडू जमिनीला लागला तरी चालतो. टेकल्यामुळे पकड सुटली तर मात्र पास अपूर्ण.

पाय मोजून थांबू नका. चेंडूवर ताबा हवा आणि दोन्ही पाय (किंवा गुडघा, कोपर) मैदानात टेकायला हवेत, हे बहुतेकांना ठाऊक असतं. तिसरी अट विसरली जाते: तिसरं पाऊल टाकणं, चेंडू पुढे नेण्यासाठी हात लांबवणं अशी एखादी कृती, किंवा निदान तेवढा वेळ ताबा.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती जुन्या सामन्याला आजचा नियम लावल्यामुळे. 11 जानेवारी 2015, ग्रीन बे. डॅलसचा संघ 21-26 असा मागे, चौथा डाउन, म्हणजे चेंडू पुढे नेण्याचा शेवटचा प्रयत्न. डॅलसच्या डेझ ब्रायंटनं उंच उडी मारून चेंडू घेतला, पावलं टाकत गोल लाइनकडे झेपावला. पडताना चेंडू जमिनीवर आपटून उसळला. मैदानावर झेल दिला गेला, रिप्लेनंतर काढून घेतला. तेव्हाचा नियमच असा, की झेल घेता घेता पडणाऱ्यानं जमिनीवर आदळूनही चेंडू धरून ठेवला पाहिजे. माझ्या मते रेफरींनी नियम पाळला. वेडा होता तो नियम. 17 डिसेंबर 2017 ला पिट्सबर्गच्या जेसी जेम्सचा टचडाउन (चेंडू गोल लाइनपलीकडे नेऊन मिळवलेले गुण) असाच गेला आणि समोरचा संघ पेट्रियट्स 27-24 नं जिंकला. मार्च 2018 मध्ये 32 च्या 32 संघमालकांनी ती अट काढून टाकली. म्हणून वाद घालण्याआधी सामन्याचं साल बघा.

स्लो मोशनवरही फार विसंबू नका. त्यात चेंडू हाताला नुसता चाटून गेला तरी बराच वेळ धरल्यासारखा वाटतो. पाय रेषेच्या आत होता का, हे संथ गतीत बघा. ताबा किती वेळ होता, हे खऱ्या वेगात. आणि पुरावा स्पष्ट नसेल तर मैदानावरचाच निर्णय कायम राहतो, मग घरच्या सोफ्यावरून काहीही दिसो.

राहता राहिलं लाल फडकं, म्हणजे निर्णयाला आव्हान (चॅलेंज) द्यायला प्रशिक्षक मैदानात टाकतो ते. चॅलेंज हरलं तर एक टाइमआउट (खेळ थांबवण्याची संधी) जातो, म्हणून प्रशिक्षक ते जपून वापरतात. टचडाउनची तपासणी आपोआप होते. सामन्याच्या प्रत्येक अर्ध्या भागाच्या शेवटच्या दोन मिनिटांत तर प्रशिक्षकाला चॅलेंजची मुभाच नसते; तेव्हा 'फडकं टाक की!' म्हणून टीव्हीवर खेकसू नका.