व्हॅलोरंटमध्ये नवे असाल, तर आधी थांबायला शिका

या गोळीबाराच्या ऑनलाइन गेमच्या पहिल्या काही मॅचमध्ये समोरचा कुठून आला, आपण कशाने मेलो, काहीच उमगत नाही. त्यात भर म्हणून प्रत्येक एजंटच्या (म्हणजे आपण खेळतो त्या पात्राच्या) चार-चार क्षमता! त्या सगळ्या पाठ करत बसू नका. एकच एजंट निवडा आणि निदान पंधरा-वीस मॅच तोच खेळा.

खरी मेख वेगळीच आहे: पळता पळता झाडलेल्या गोळ्या भरकटतात. उजवीकडे पळत असाल तर कीबोर्डवरची ‘डी’ सोडा, क्षणभर उलट दिशेची ‘ए’ दाबा, पाय थांबले की मगच गोळी. सराव मैदानात रोज दहा मिनिटं एवढंच करा. क्रॉसहेअर (पडद्यावरची नेमाची खूण) जमिनीवर नको, डोक्याच्या उंचीवर हवा. बहुतेक नवखे इथेच मार खातात.

पैशांचं गणितही लवकर समजून घ्या. पहिल्या फेरीत ८०० क्रेडिट्स मिळतात, वँडल ही रायफल २९०० ला पडते. सगळे साथीदार पैसे राखत असतील तर एकट्याने खरेदी करू नका.

शिफ्ट दाबून चाललात तर पावलांचा आवाज होत नाही. हेडफोन मात्र हवाच. आणि व्हॉइस चॅटवर कुणी शिव्या देत असेल तर बिनधास्त म्यूट करा.