जुन्या तबकडीवरून गाण्याचं वय काढताना

वाई, कराड, तासगावकडे माळ्यावर लाखेची तबकडी सापडली आणि तिच्यावर पसरणीच्या शाहीर साबळ्यांसारख्या (जन्म १९२३) लोकगायकाचं सुरुवातीचं, फारसं न वाजलेलं गाणं असलं, तर लगेच वाजवू नका. स्पिरिटने तर मुळीच पुसू नका, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून पिळलेला मऊ कपडा खाचांच्या दिशेने गोल फिरवा. लेबल कोरडं ठेवा.

लेबलवरचा क्रमांक कॅटलॉगचा, तो पुनर्प्रकाशनात बदलू शकतो. खरा पुरावा लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यातला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा साच्यावरून उमटलेला क्रमांक. टॉर्च तिरपा धरा, दिसेल. दोन तबकड्यांवर तो टेकच्या (गाणं कितव्यांदा गाऊन मुद्रित केलं त्या खेपेच्या) आकड्यासकट सारखा असेल तर ध्वनिमुद्रण एकच, लेबल काहीही म्हणो. टेक वेगळा म्हणजे गायन वेगळं.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या १० इंची तबकडीची एक बाजू साधारण ३ मिनिटांची. म्हणून पोवाडा दोन बाजूंत तुटतो, कडवी गळतात. पुढे एलपीवर (जास्त वेळ वाजणाऱ्या नंतरच्या तबकडीवर) तेच गाणं लांबलेलं दिसलं, तर बहुधा नव्याने गायलेलं. ७८ ची तबकडी ऐकायला ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लावा. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाला घासते, खरखरच जास्त येते.

घरच्यांना साल विचारण्यापेक्षा ‘कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर?’ असं विचारा. १९६७ ची खूण पक्की मिळते.