लहान मुलांच्या स्पीच थेरपीच्या सत्राचे निरीक्षण कसे करावे

लहान मुलाच्या स्पीच थेरपीचे सत्र प्रथमच पाहणाऱ्याला तो नुसता खेळ वाटण्याची शक्यता असते. साबणाचे फुगे उडतात, गाडी घसरगुंडीवरून सुटते, चित्रे उलटली जातात, आणि मूल किती शब्द बोलले एवढेच मोजून पाहणारा परततो. खरे पाहायचे असते ते शब्दाच्या आधीचे: तो शब्द येण्यासाठी मुलाला कोणती मदत द्यावी लागली, आणि सत्र पुढे सरकले तशी ती कमी होत गेली का.

निरीक्षणासाठी पालकांची आणि थेरपिस्टची परवानगी आधीच घ्यावी आणि त्या दिवसाची उद्दिष्टे विचारून ठेवावीत. ती माहीत नसतील तर चुकीचा निष्कर्ष निघतो. उदाहरणार्थ, दोन शब्द जोडून मागणी करणे हे उद्दिष्ट असेल, तर उच्चारातील चुका थेरपिस्ट जाणीवपूर्वक सोडून देत असतो. बसताना मुलाच्या समोर येऊ नये, मात्र त्याचे ओठ आणि हात दिसतील अशी जागा निवडावी. मुलाने वळून पाहिले तर हलके हसावे, पण खेळात शिरू नये. मूल अडखळले की ‘सांग ना बाळा’ असे म्हणण्याचा मोह पालकांना, आणि विद्यार्थ्यांनाही, होतोच. तो कटाक्षाने आवरावा, कारण नेमक्या त्याच क्षणासाठी थेरपिस्टने जागा मोकळी ठेवलेली असते.

ही शांतता पाहण्यासारखी असते. थेरपिस्ट आवडते खेळणे घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात घालून डबा मुलापुढे ठेवतो आणि गप्प राहतो. मूल डबा हलवते, झाकण ओढून पाहते, मग थेरपिस्टकडे बघते आणि डबा त्याच्या हातात देते. शब्द एकही आलेला नसला तरी मागणी झालेली असते, म्हणून ती नोंदवायलाच हवी. पाच ते दहा सेकंद थांबूनही काही आले नाही, तर थेरपिस्ट ‘उघड’ हा शब्द स्वतः उच्चारून दाखवतो किंवा त्याचा पहिलाच ध्वनी सुचवतो. मूल ‘उघड’ म्हणाले की ‘डबा उघड’ असे म्हणून तो वाक्य एका शब्दाने वाढवतो. ते पुन्हा म्हणून दाखव, अशी सक्ती मात्र प्रत्येक वेळी करत नाही.

उच्चारांवरचे काम निराळे दिसते. ‘क’च्या जागी ‘त’ म्हणणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मुलापुढे ‘कार’ आणि ‘तार’ अशी दोन चित्रे ठेवली जातात. मूल कार मागते, पण तोंडातून ‘तार’ येते, म्हणून थेरपिस्ट तारेचे चित्र देतो. मूल गोंधळून हातातल्या चित्राकडे पाहते, आणि आपल्या उच्चाराने अर्थच बदलला हे त्याच्या ध्यानात येऊ लागते. अशा वेळी मुलाने स्वतःहून दुरुस्ती केली, आरसा दाखवावा लागला, की जिभेचा मागचा भाग उचलायला सांगावे लागले, हे स्वतंत्रपणे लिहावे.

नोंदीसाठी तीन रकाने पुरतात: थेरपिस्टने काय केले, मुलाने काय केले, त्यानंतर काय घडले. ‘मूल कंटाळले’ हा आपला अंदाज झाला; ‘तिसऱ्या चित्रानंतर तोंड फिरवले आणि खुर्चीवरून उतरले’ ही नोंद झाली. पहिल्या प्रकारच्या नोंदी थेरपिस्टच्या कामाला येत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. वहीत मुलाचे नाव लिहू नये आणि परवानगीशिवाय चित्रीकरण करू नये.

प्रश्न सत्र संपल्यावर, मूल खोलीबाहेर गेले की विचारावेत, कारण आपल्याविषयी चाललेले बोलणे लहान मुलांनाही कळते. ‘प्रगती आहे का?’ असे मोघम विचारण्यापेक्षा एखादा क्षण नेमका धरून, ‘डबा हातात आल्यावर तुम्ही लगेच का उघडला नाही?’ असे विचारावे. पालक असल्यास, तीच थांबण्याची पद्धत जेवताना किंवा कपडे घालताना कशी वापरायची, हेही त्याच वेळी समजून घ्यावे.