हिवाळ्यात प्राग-व्हिएन्नाला जोडीनं निघालात? या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट करणारी जोडपी आपला प्लॅन मला दाखवायला पाठवतात. माणसं दर वर्षी नवी, चुका मात्र त्याच.

उन्हाळ्याचं वेळापत्रक हिवाळ्यात चालवणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. डिसेंबरच्या अखेरीस प्रागला सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चारला मावळतो. उजेडाचे जेमतेम आठ तास, त्यात आभाळ भरून आलं तर दुपारपासूनच अंधारल्यासारखं होतं. रील बघून प्लॅन करणाऱ्यांच्या हे डोक्यातच येत नाही.

माझा भाचा आणि भाचेसून लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरात गेले. मी प्राग आणि व्हिएन्ना एवढंच सुचवलं होतं. त्यांनी आठ दिवसांत साल्झबर्ग, हालश्टाट आणि बुडापेस्टही कोंबलं. प्रागच्या वाट्याला उरला एक अख्खा दिवस. थंडीमुळे सकाळी हॉटेलातच रेंगाळले, मग जुन्या चौकातल्या १४१० सालच्या घड्याळापाशी थांबले, चार्ल्स पुलावर फोटो काढले आणि किल्ल्यावर पोचले पावणेचारला. हिवाळ्यात किल्ल्याचं आवार रात्रीपर्यंत उघडं असतं, पण आतल्या इमारती चारला बंद होतात आणि प्रवेश त्याआधीच थांबतो. भाच्याचा फोन आला, "मामा, आत सोडत नाहीयेत हो!" मागून भाचेसुनेचा रडवेला आवाज. ती कमर्शियल आर्ट शिकलेली. तिथल्या सेंट व्हिटस कॅथेड्रलमध्ये चेक चित्रकार आल्फोन्स मुखानं केलेली रंगीत काचेची खिडकी आहे आणि तिच्यासाठीच तिनं प्रागचा हट्ट धरला होता. दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी. खिडकी राहिली ती राहिलीच.

ज्याला उजेड लागतो ते मी सकाळी उरकतो: काचचित्रं, उंचावरून दिसणारं शहर, जुन्या गल्ल्या. नऊला दारात हजर. (रविवारी हे कॅथेड्रल दुपारी बारानंतरच उघडतं, तेवढं पाहून ठेवा.) कॉफी हाउस, मैफल, नाताळचे बाजार अंधार पडल्यावर. बुडापेस्टची संसद तर दिवे लागल्यावरच पाहावी, डॅन्यूबच्या पलीकडून, बाट्यानी चौकातून. तिथल्या सेचेनी स्नानगृहाच्या उघड्यावरच्या गरम कुंडांतही संध्याकाळीच उतरा. वाफेत समोरचं माणूस धूसर होतं, डोकं गार आणि अंग ऊबेत. आणि एका शहरात किमान तीन रात्री. यावर मी तडजोड करत नाही.

फोटोसाठी घेतलेले बूट

पांढरे कॅनव्हास फोटोत छान दिसतात. पण जुन्या शहरांतली फरसबंदी गुळगुळीत दगडांची असते, वर अर्धवट वितळलेलं बर्फ. तासाभरात सुती मोजे भिजतात, मग दोघांपैकी एकाची चिडचिड सुरू होते आणि उरलेला दिवस भांडणात जातो. पाणी न शिरणारे, तळाला खोल खाचा असलेले, जाड लोकरी मोजे घालून बोटं हलतील इतके सैल बूट घ्या आणि निघण्याआधी महिनाभर घरीच वापरा. विमानतळावर नवे बूट घालून येणाऱ्यांना काय सांगावं!

एकच जाडजूड जॅकेट नेऊ नका. ट्राम, संग्रहालयं आतून गरम असतात. घाम येतो आणि बाहेर पडल्यावर तोच गारठवतो. आत थर्मल, मध्ये लोकर, वर वारा अडवणारं काहीतरी.

बाकीच्या

ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्याच देशाकडे शेंगेन व्हिसाचा (या तिन्ही देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज करा. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करून मग बुकिंग बदलण्याची पळवाट मला अजिबात पसंत नाही.

ट्राम-मेट्रोचं कागदी तिकीट काढलं की यंत्रात शिक्का मारा. खिशात तिकीट असूनही शिक्का नसेल तर दंड होतो.

एटीएमनं रुपयांत हिशेब करू का विचारलं, तर नाही म्हणा. हिशेब तिथल्या चलनातच होऊ द्या: प्रागला कोरुना, बुडापेस्टला फोरिंट.

चाकाची मोठी बॅग दगडी रस्त्यांवर नको.

२४ डिसेंबरची संध्याकाळ मोकळी सोडू नका. व्हिएन्नात दुकानं दुपारीच बंद होतात, जेवणाची बरीचशी हॉटेलंही, आणि २५-२६ला दुकानं बंदच. रात्रीच्या जेवणाचं टेबल आधी ठरवा, नाहीतर २४ला सकाळीच ब्रेड, चीज, फळं खोलीवर आणून ठेवा.