मधुमेह आहे, पण गरबा खेळायचाय?

बडोद्यातला गरबा म्हणजे रात्रीचे दोन-तीन तास, आणि बऱ्याच मैदानांवर अनवाणी. व्यायाम म्हणून झकास. पण साखर खेळतानाच उतरते असं नाही, झोपल्यावर पहाटेही उतरते.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारखी गोळी चालू असेल तर नवरात्राआधीच डॉक्टरांकडून गरब्याच्या दिवसांचे डोस लिहून घ्या. नुसत्या मेटफॉर्मिनवर साखर सहसा फार खाली जात नाही. इन्सुलिनवर असताना कडक उपवास धरून गरबा मात्र नकोच.

निघताना साखर मोजा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची 90च्या खाली असेल तर आधी एक केळं खा. टाइप 1 असून 250च्या वर असेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साचणारी आम्लं) तपासल्याशिवाय उतरू नका. संध्याकाळचं इन्सुलिन मांडीत नको, पोटावर घ्या; पाय चालू लागले की मांडीतलं भराभर रक्तात जातं.

चनियाचोळीला खिसा नसतो, म्हणून कमरेला बटवा हवा. त्यात मीटर आणि तीन चमचे साखरेची पुडी, म्हणजे साधारण 15 ग्रॅम. पेढा कामाचा नाही. त्यातल्या तुपकटपणामुळे साखर उशिरा चढते. घाम आणि धडधड गरब्यात सगळ्यांनाच असते, त्यामुळे त्यावरून काही कळत नाही. हात थरथरले, रोजची टाळी चुकायला लागली की वर्तुळाबाहेर या. बोटं धुऊन मोजा (प्रसादाचं चिकट बोट खोटा, चढा आकडा दाखवतं). 70च्या खाली असेल तर ती साखर खा, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. 54च्या खाली गेली असेल तर त्या रात्रीचा गरबा संपला. कुणी बेशुद्ध पडलं तर तोंडात काहीही घालू नका, 108ला फोन करा.

तळव्यांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर अनवाणी अजिबात नाही. खडा रुतला तरी कळत नाही, आणि कळतं तेव्हा जखम चिघळलेली असते. मैदानात बूट चालत नसतील तर आपल्या शेरीगरब्यात (गल्लीतल्या गरब्यात) बूट-मोजे घालून खेळा. घरी आल्यावर तळवे आरशात बघा, बोटांच्या बेचक्यांसकट.

परतताना सेव-उसळ खायचीच असेल तर तर्री कमी, पाव एकच. झोपताना साखर 100च्या खाली असेल तर दूध-पोळी खा, आणि पहिल्या दोन रात्री तीनचा गजर लावून पुन्हा मोजा.