नागपुरात उंच गच्चीची चावी मिळाली तर शहराचा फोटो कसा काढायचा

नागपुरात उंच बिल्डिंगा आता भरपूर झाल्या, पण गच्चीला कुलूप असतं आणि चावी सेक्रेटरीकडे, त्यामुळे अशी गच्ची बहुतेक एकदाच मिळते आणि तीही तास-दीड तासासाठी. म्हणून दिशा, वेळ, लेन्स सगळं खालीच ठरवून ठेवा, वर जाऊन फक्त लाइटची वाट पाहायची.

आधी परवानगी. वॉचमन भाऊला गळ घालून गुपचूप वर जाऊ नका, काही झालं तर नोकरी त्याची जाते. सरळ सेक्रेटरीला भेटा, आधीचे दोन-चार फोटो मोबाईलवर दाखवा, किती जण येणार आणि किती वाजता उतरणार ते व्हॉट्सॲपवर लिहून द्या. त्या बिल्डिंगमध्ये राहणारा ओळखीचा कोणी असेल तर त्याला सोबतच ठेवा, अर्धं काम तिथेच होतं. डिसेंबरात विधानसभेचं हिवाळी अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्सकडे बंदोबस्त कडक असतो, तेव्हा त्या भागातली गच्ची मागूच नका. सीताबर्डीचा किल्ला आर्मीकडे आहे, एअरफोर्सचाही भाग शहरात आहे, तिकडे झूम लावून फोटो काढू नका. आणि गच्ची मिळाली म्हणून ड्रोन उडवता येतो असं नाही, त्याचे नियम वेगळे आहेत, आणि विमानतळ आपल्याकडे शहराला लागूनच आहे.

आता दिशा, कारण सगळा खेळ इथेच आहे. सूर्य वर्षभर एकाच जागी मावळत नाही, आपल्या नागपुरात डिसेंबरात तो बरोबर पश्चिमेपासून साधारण २५ अंश दक्षिणेला सरकलेला असतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. म्हणजे धरमपेठेतल्या गच्चीवर उभे असाल तर थंडीत तो अंबाझरीच्या बाजूला उतरतो आणि मे-जूनमध्ये फुटाळ्याच्या बाजूला, एकच गच्ची पण फोटो दोन वेगळे. दीक्षाभूमीचा घुमट हवा असेल तर उलटा विचार करा, बजाजनगरकडून म्हणजे पश्चिमेकडून पाहा, संध्याकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून येऊन पांढऱ्या घुमटावर पडतं आणि मागे शहर पसरलेलं दिसतं. उत्तरेकडे हवा स्वच्छ असली की कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, त्या फ्रेममध्ये घेतल्या की हे नागपूर आहे हे सांगावं लागत नाही.

लेन्सचं माझं मत जरा ठाम आहे. लोक वर गेले की वाइड लेन्स लावून राहिले, आणि फोटोत येतं काय तर अर्धं रिकामं आकाश आणि खाली काळ्या प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्या. आपलं शहर मुंबईसारखं उभं नाहीये, ते आडवं आहे, झाडांत बुडालेलं आहे, त्यामुळे ७०-२०० मिमीसारखी लांबचं जवळ आणणारी लेन्स लावा, मग झाडं, घुमट, मेट्रोचा पूल आणि लांबच्या बिल्डिंगा एकमेकांच्या जवळ येतात आणि शहर भरलेलं दिसतं. मोबाईल असेल तर दोन किंवा तीन पटची वेगळी लेन्स वापरा, बोटांनी ओढून केलेला झूम नको.

वेळ म्हणाल तर सूर्यास्ताच्या तासभर आधी वर पोचा. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या आसपास मावळतो, जूनमध्ये सातच्या सुमारास. लोक सूर्य बुडाला की बॅग भरतात, पण खरा फोटो त्यानंतर आहे. सूर्यास्तानंतर साधारण पंधरा-वीस मिनिटांनी आकाश गडद निळं होतं आणि रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात, दोन्हींचा उजेड सारखा होतो, आणि हे जेमतेम दहा मिनिटं टिकतं. त्या वेळी ट्रायपॉड लावून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र म्हणजे ॲपर्चर एफ ८, शटर आकाश पाहून एक ते दहा सेकंद, आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये. फोकस लांबच्या एखाद्या दिव्यावर झूम करून हाताने करा आणि मग हात लावू नका. दोन सेकंदांचा टायमर ठेवा, लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा. सीताबर्डीला दोन्ही मेट्रो लाइन एकमेकांना छेदतात, तो भाग दिसत असेल तर गाडी फ्रेममध्ये शिरताना शटर दाबा, डब्यांच्या उजेडाची सलग रेघ येते.

एक गोष्ट बरेच जण विसरतात, लिफ्टची मशीन रूम बहुतेक गच्चीवरच असते, लिफ्ट चालू झाली की स्लॅब थरथरतो, पाण्याची मोटार चालू झाली तरी तेच, आणि पाच सेकंदांच्या फोटोत ते लगेच दिसतं. ट्रायपॉड त्यापासून लांब लावा, मधली दांडी वर काढू नका आणि कॅमेऱ्याचा पट्टा वाऱ्यात फडफडत ठेवू नका.

ऋतूचंही बघा. एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब रात्रीपर्यंत वाफा सोडतो, लांबच्या लेन्समध्ये बिल्डिंगा हलताना दिसतात, तेव्हा पहाटेची वेळ मागा. सगळ्यात भारी म्हणजे पाऊस पडून गेल्यावरची संध्याकाळ, हवेतली धूळ बसलेली असते. पण ढग गडगडले की लगेच खाली उतरा, उन्हाळ्यातल्या वादळात वीज कुठे पडेल सांगता येत नाही आणि तुम्ही सगळ्यात उंच जागी ट्रायपॉड घेऊन उभे असता. कठड्यावर कॅमेरा ठेवू नका, लेन्सचं झाकणही नको, खाली लोक चालत असतात.

उतरताना ठरलेली वेळ पाळा, कुलूप स्वतः ओढून बघा, चावी हातात नेऊन द्या. त्याच रात्री एक चांगला फोटो सेक्रेटरीला पाठवा, आणि कुठे टाकताना बिल्डिंगचं नाव लिहायचं की नाही हे त्यांनाच विचारा, कारण नाव गेलं की दुसऱ्या दिवसापासून वॉचमनकडे दहा जण चावी मागायला येतात.